दगडाला पाझर फुटतो तेव्हा

‘मुंबई हाय’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? समुद्राच्या पोटात तेलाचं भलंमोठं तळं आणि त्यात सोडलेली नळी, होय ना? आमच्याकडे येणारे पाहुणेही हेच सांगतात. मी राहते नवी मुंबईत, नेरुळला. जानेवारी २०२४ मध्ये इथून थेट उरणपर्यंत लोकल सुरू झाली, तेव्हापासून पाहुण्यांना उरण दाखवणं हे माझं एक कामच झालंय. तिथे ओएनजीसीचा प्रकल्प आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात निघणारं तेल आणि गॅस समुद्राखालच्या पाइपलाइनमधून इथे येतो. आपल्या सिलिंडरमधला काही एलपीजीही या गॅसमधून वेगळा काढतात.

पण तळं मात्र कुठेच नाही. तेल असतं दगडात!

आमच्या शेजारची मुलगी भूशास्त्र शिकते. तिनं हे मला स्वयंपाकघरातच समजावलं. म्हणाली, ‘‘काकू, माठ का पाझरतो? त्याच्या अंगाला छिद्रं असतात, आणि ती आतून एकमेकींना जोडलेली असतात.’’ मग तिनं पारसिकच्या डोंगरातला काळ्या दगडाचा एक तुकडा आणून दाखवला. त्याला माठापेक्षा कितीतरी मोठी भोकं. पण ती लाव्हारसात अडकलेल्या बुडबुड्यांची. प्रत्येकाची खोली वेगळी, दार कुणालाच नाही. पाणी आरपार जाणार कसं?

मुंबई हायचा दगड माठाच्या जातीचा. ती आहे चुनखडी, किलोमीटरहून जास्त खोल, आणि तिच्या छिद्रांतून तेल वाहतं. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगनं तिथे तेल शोधलं आणि मे १९७६ पासून ते निघू लागलं.

गंमत अशी, की हे तेल चुनखडीत तयार झालेलंच नाही. ते तिचं सासर! माहेर आहे शेल नावाचा दगड. शेल म्हणजे चिखलाचे बारीक थर दाबून-दाबून झालेला दगड. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या त्या चिखलात झाडापाल्याचे, जिवाणूंचे अवशेष गाडले गेले, खालच्या उष्णतेनं त्यांचं तेल झालं आणि लाखो वर्षं पाझरत-पाझरत ते चुनखडीत आलं. तिथून ते निसटलं नाही, कारण वरही शेलचाच थर झाकणासारखा बसलाय. ज्या दगडातून तेल बाहेर पडलं, त्याच जातीच्या दगडानं ते अडवूनही धरलं.

याचं कारण शेलची छिद्रं. आपल्या केसाच्या हजाराव्या हिश्शाहूनही बारीक! उसाचा रस पिताना नळी निम्म्या जाडीची घेतली, तर रस निम्मा येईल असं वाटतं. तसं होत नाही. त्याच जोरानं ओढला तरी तो सोळाव्या हिश्शानं येतो. नळी दहापट बारीक झाली तर दहा हजारपट कमी! हा हिशेब १८४० च्या दशकात प्वाझय नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं मांडला. शरीरातल्या बारीक नसांतून रक्त कसं वाहतं हे त्याला समजून घ्यायचं होतं, त्यासाठी तो काचेच्या केसासारख्या नळ्यांतून पाणी सोडून मोजत बसे.

शेलमध्ये आणखी एक अडचण. तेलाची बरणी उपडी केली तरी आत एक चिकट थर राहतोच ना? बरणी मोठी म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही. पण छिद्रच इतकं बारीक, की भिंतीला चिकटलेला थर हाच त्यातला मोठा वाटा. शिवाय शेलमध्ये जुन्या सेंद्रिय मालाचे कण असतात, ते तेल धरून ठेवतात. घाणीवर कितीही दाबलं तरी पेंडीत तेल राहतंच, तसंच हे. साध्या साठ्यातून जगभरात साधारण तिसरा हिस्सा तेल निघतं; शेलमधून बहुतेक वेळा शंभरातले पाच-दहा भागच.

मग अमेरिकेनं एवढं तेल कसं काढलं? त्यांनी विहीर खोल नेऊन आडवी वळवली, आणि जबरदस्त दाबानं पाणी, वाळू आणि थोडी रसायनं आत सोडून दगडाला चिरा पाडल्या. वाळू कशाला? दाब ओसरल्यावर चिरा मिटू नयेत म्हणून, फटीत पाचर ठोकावी तशी. आता तेलाला त्या बारीक बोळांतून मैलभर नाही, जवळच्या चिरेपर्यंतच जायचं असतं. तरी बोळ बोळच! त्यामुळे अशा विहिरीचं उत्पादन पहिल्या वर्षातच बहुधा निम्म्याहून खाली येतं. मग पुढची विहीर, पुन्हा चिरा.

आपल्याकडेही प्रयत्न झाले. जानेवारी २०११ मध्ये ओएनजीसीला पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळ शेलमधला गॅस मिळाला, २०१३ मध्ये सरकारनं धोरण आणलं, गुजरातेतही विहिरी खणल्या. पण अमेरिकेसारखं काही घडलं नाही. आपण कच्च्या तेलापैकी शंभरातले ८५ हून अधिक भाग बाहेरून आणतो. एलपीजीही निम्म्याहून जास्त परदेशी. त्यामुळे सिलिंडर महागला की ‘आपल्याच जमिनीतून काढा ना!’ असं वाटणं साहजिक आहे. मलाही वाटतं.

पण माझं माहेर मराठवाड्यातलं. तिथे मार्च लागला की टँकरची वाट बघतात. अशा एका विहिरीला कोट्यवधी लिटर पाणी लागतं हे ऐकलं आणि मला आधी दारातली रिकामी घागरींची रांग दिसली. वापरलेलं पाणी परत येतं तेही खारट, रसायनं मिसळलेलं. अमेरिकेत ओक्लाहोमात असलं सांडपाणी जमिनीत खोल सोडल्यानं भूकंपाचे धक्के वाढले. शेजारच्या मुलीला मी हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, ‘‘तेच पाणी स्वच्छ करून पुन्हा वापरतात आता काही ठिकाणी. पाण्याऐवजी कार्बन डायऑक्साइड सोडून बघण्याचे प्रयोगही चाललेत.’’

‘‘आणि ते जमेपर्यंत?’’

‘‘तोपर्यंत, काकू, गॅस जरा बारीक ठेवा,’’ म्हणाली, आणि माझ्या कढईखालची आच तिनंच कमी केली.