दोन निर्दोष संवेदक

गेल्या वैशाखातील एका सायंकाळी माझा एक माजी विद्यार्थी घरी आला आणि ओसरीवर बसताच म्हणाला, "सर, एक अर्ज लिहून द्या. ग्राहक आयोगात तक्रार करायची आहे." मुख्याध्यापकाकडे लोक कशाकशासाठी येतात याची वाचकांना कल्पना असेलच. बुऱ्हाणपुरात मराठीत बोलावे आणि अर्ज मात्र हिंदीत लिहावा, हा आमचा नित्याचा परिपाठ. मी कागद पुढे ओढला.

या मुलाचा संसार एका जुन्या पिकअपवर चालतो. गाडी 2017 सालची. केळीचे घड भरून ती असीरगड, खंडवा, बडवाह करीत इंदूरला जाते. केळी हा माल मोठा अधीर. चाळीसच्या वर पारा गेला असता गाडी घाटात चार तास अडकली, तर उतरविताना मालाचा निम्मा भाव उरतो. त्याच्या गाडीच्या फलकावर इंजिनाचे पिवळे चित्र उजळले होते, इंजिनाची ओढ मंदावली होती आणि तापमानाचा काटा तळाशीच पडून राहिला होता. गॅरेजात यंत्र लावून पाहिले, तेव्हा उत्तर आले : पी 0118.

या संकेताचा अर्थ सांगायला हवा. अमेरिकेत 1996 पासून सर्व नव्या मोटारींना दोषांची एकच सामाईक भाषा सक्तीची झाली. आपल्याकडे भारत स्टेज चारच्या गाड्यांबरोबर ती रुळली. हे चौथे मानक 1 एप्रिल 2017 पासून देशभर लागू झाले. संकेतातील 'पी' हे अक्षर इंजिन व गतिसंक्रमण यांचे. पुढचे शून्य सांगते की हा संकेत सर्व कंपन्यांना सामाईक आहे. तेथे एकचा आकडा असता, तर तो त्या कंपनीचा स्वतःचा ठरला असता. त्यानंतरचा 1 हा इंधन व हवा यांच्या मोजमापाचा विभाग, आणि शेवटचे दोन अंक नेमकी तक्रार. पी 0118 म्हणजे शीतक पाण्याच्या तापमान-संवेदकाच्या मंडलात विद्युत्दाब प्रमाणाबाहेर जास्त. पुन्हा वाचावे : 'मंडलात'. संवेदक बिघडला, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

गॅरेजवाल्याने मात्र तसेच वाचले आणि सेन्सर बदलला. आठ दिवस गाडी धावली, दिवा पुन्हा लागला. दुसरा सेन्सर आणला. तो पाच दिवस टिकला. दोन्ही एकाच दुकानातले. दुकानदार या मुलाच्या वडिलांचा जुना स्नेही. त्याने बनावट माल गळ्यात मारला, असा मुलाचा पक्का समज झाला होता. भर बाजारात कडाक्याचे भांडण झाले. मी अर्जाचा मायना आणि पहिल्या चार ओळी लिहिल्याही होत्या. पण 'दोन्ही पुर्जे बनावट निघाले' या वाक्यापाशी लेखणी अडली. पुरावा काय, हे मी विचारले. त्याच्याकडे पुरावा म्हणून तो संकेतच होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. शनवाऱ्याकडच्या एका वृद्ध मिस्त्रीकडे आम्ही गाडी नेली. सगळी हकिकत ऐकून तो एवढेच म्हणाला, "साहब, पहले तार देखेंगे, फिर पुर्जा." त्याने वाचकयंत्र जोडले. पडद्यावर शीतकाचे तापमान होते उणे चाळीस अंश! बुऱ्हाणपूरच्या मे महिन्यात!

यातील मर्म असे, की गाडीच्या संगणकाला तापमान कळतच नाही. त्याला कळतो तो केवळ विद्युत्दाब. तो एका रोधातून पाच व्होल्ट पाठवितो. संवेदक थंड असला की त्याचा रोध मोठा असतो, तापला की उतरतो. त्याप्रमाणे तारेवरचा दाब बदलतो. तार तुटली, तर दाब पाचाच्या जवळ तसाच राहतो आणि संगणक समजतो की बाहेर हिमालयाहून भयंकर थंडी आहे. मिस्त्रीने सेन्सरचे कनेक्टर काढले आणि त्यातील दोन टोके बारीक तारेने जोडली. तार धड असती, तर आकडा एकदम अत्युच्च उष्णतेकडे उसळला असता. तो हलला नाही. सेन्सर तर बाहेर काढलेला होता. म्हणजे तो या गुन्ह्यातून तेथेच सुटला. मग त्याने पहिल्या टोकाची तार इंजिनाच्या अंगाला टेकविली. आकडा झरकन चढला. संकेताची तार शाबूत, परतीची तुटलेली. (हा प्रयोग या दोन तारांच्या संवेदकापुरताच, तीन तारांच्या संवेदकांवर कोणी करू नये, त्यातील पुरवठ्याची तार चुकून जोडली गेल्यास इतरही संवेदक बंद पडतात.)

आमच्या कुंडी भंडाऱ्याची मला आठवण झाली. जाली करंजात पाणी कमी आले, म्हणून कोणी जाली करंज फोडत नाही. भूमिगत वाटेने सातपुड्याच्या दिशेने एकेक कुंडी पाहत मागे जावे लागते. मिस्त्रीही तसाच मागे गेला. तारांच्या जुडग्यावरची पट्टी सोडवीत हातभर अंतरावर तो थांबला. एका लोखंडी पट्टीवर घासून आवरण फाटले होते आणि आतले तांबे हिरवे पडून पिठासारखे झाले होते. प्रत्येक वेळी सेन्सर बदलताना तार ओढली जाई, तुटकी टोके काही दिवस एकमेकांना लागत, आणि खड्ड्यांनी पुन्हा सुटत. नवा पुर्जा चालतो आणि मग बिघडतो, हा भास त्यातूनच.

तार सांधली, वरून नळी चढविली. मजुरी त्याने सांगितली ती मुलाला इतकी कमी वाटली की त्याने दोनदा विचारले. मला मात्र काट्याची गोष्ट आठवून शहारे आले. तो काटा तळाशी असताना घाटात पाणी खरोखर उकळले असते, तर कळले कसे असते?

राहिले ते दोन जुने सेन्सर. सोमवारी शाळेच्या प्रयोगशाळेत आमच्या भौतिकीच्या शिक्षकांनी ते मीटरला जोडून प्रथम साध्या पाण्यात व मग ऊन पाण्यात बुडविले. थंड पाण्यात दोन हजार ओहमांच्या वर, ऐंशी अंशांना तीनशेच्या आसपास. दोघांचेही आकडे जवळजवळ सारखे. लिहून घ्यायला हाताशी कागद नव्हता, म्हणून खिशातला तो अर्धवट अर्ज काढून त्याच्या पाठीवर त्यांनी तक्ता मांडला.

तोच कागद घेऊन मुलगा दुपारी दुकानात गेला. पुढची बाजू दुकानदाराने वाचली की नाही, हे मी विचारले नाही.