तुटलेल्या वलयाचा बंदोबस्त

महानगरातील दूरसंचार-केंद्रे प्रकाशतंतूंनी वलयाकार जोडून त्यांवरून माहितीची पॅकेट वाहून नेणारी जी ‘रेझिलियंट पॅकेट रिंग’ नावाची पद्धती आयट्रिपलई या संस्थेने २००४ साली ८०२.१७ या क्रमांकाने प्रमाणित केली, तिचे खरे सामर्थ्य वेगाहूनही संकटकाळच्या बंदोबस्तात आहे. प्रत्येक स्थानकाला पूर्व आणि पश्चिम अशी दोन पोर्ट असतात. त्यांतून परस्परविरुद्ध दिशांनी दोन प्रवाह अखंड वाहतात, आणि शेजारच्या स्थानकाकडून काही मिलिसेकंदांच्या मुदतीत जिवंतपणाची खूण आली नाही, की टायमर ती वाट खंडित ठरवतो. ही वार्ता वलयभर पसरताच प्रत्येक स्थानक आपली पॅकेट शाबूत दिशेने रवाना करते; आणि हा सारा फेरबदल ५० मिलिसेकंदांच्या आत उरकत असल्याने दूरध्वनीवर बोलणाऱ्याला सहसा त्याचा पत्ताही लागत नाही. दुरुस्तीनंतर मात्र घाई नाही: तंतू सांधला गेला, तरी तो पुन्हा डळमळणार नाही याची खातरजमा होईपर्यंत दुसरा टायमर, सामान्यतः १० सेकंद, जुनी वाट बंदच ठेवतो; कारण क्षणोक्षणी जुळणाऱ्या-तुटणाऱ्या तंतूमागे साऱ्या वलयाने धावणे एका सलग खंडाहून अधिक घातक ठरते. आपत्तीत तत्परता आणि पूर्वपदावर येताना सबुरी, हा विवेक अभियंत्यांनी यंत्राच्या अंगी बाणवला, ही या शास्त्राची थोरवी होय.