मद्रासचा नागरी भ्रमनिरास

सभा आणि नाटक यांच्या बळावर वाढलेल्या द्रविड मुन्नेत्र कळघमला पहिली सत्ता लाभली ती १९५९ साली, मद्रास महानगरपालिकेत. मायबोलीत बोलणारे लोक कारभारही आपलासा करतील, ही आशा भाबडी खरी, पण मनापासूनची होती. १९६८ मध्ये चो रामस्वामी यांच्या ‘मुहम्मद बिन तुघलक’ने त्याच तमिळ रंगभूमीवरून पुढाऱ्यांची टर उडविली. कथानक दिल्लीचे, हशा मात्र मद्रासचा! पुढे बनावट हजेरीपटांचे प्रकरण उघडकीस आले आणि १९७३ मध्ये निर्वाचित मंडळच बरखास्त झाले. त्यानंतरची निवडणूक झाली १९९६ साली. तोवर गटार तुंबले, तरी गाऱ्हाणे न्यायचे ते सरकारनियुक्त विशेष अधिकाऱ्याकडे. रागाने पाडावा असा नगरसेवकही नागरिकाला उरला नव्हता.