सगळेच कंद मुळं नसतात!

शहाड स्टेशनबाहेर भाजी घेताना आल्याचा तुकडा जरा निरखून पाहा. अंगावर आडवी वलयं, त्यांवर पातळ पापुद्रे, टोकाला फुगीर कोंब. मुळाला अशी पेरं नसतात. आलं हे जमिनीखालचं खोड आहे!

बोलताना आपण सरसकट ‘कंद’ म्हणतो. वनस्पतिशास्त्राच्या मराठी परिभाषेत प्रत्येकाला वेगळं नाव आहे:

🌱 आलं, हळद: मूलक्षोड
🥔 बटाटा: ग्रंथिक्षोड (डोळे म्हणजेच कोंब)
🌿 सुरण, अळकुडी: दृढकंद
🧅 कांदा: कंद (बुडाशी चकतीएवढं खोड, बाकी मांसल पानं)

रताळं आणि गाजर ही मात्र खरीखुरी मुळं. म्हणून ‘कंदमुळं’ हा जोडशब्द अगदी चपखल.

आता शब्दाचं कूळ. संस्कृत ‘कन्द’वरून आपला ‘कांदा’ आला. गुलकंदातला ‘कंद’ वेगळ्या घरचा: फारसीत ‘गुल’ म्हणजे गुलाब, ‘कंद’ म्हणजे साखर. हा साखरेचा कंद मुळात संस्कृत ‘खण्ड’चाच, इंग्रजी ‘कँडी’ही त्याच गोतावळ्यातली.

आणि कंदील? तो अरबीतून आला, त्याआधी लॅटिन ‘कँडेला’, म्हणजे मेणबत्ती. त्याचा या दोन्ही कंदांशी काडीचा संबंध नाही.

तुमच्याकडे उपासाला कोणता कंद शिजतो? कमेंटमध्ये सांगा. 👇