सी भाषेतील बफरयुक्त फाइल-प्रवाहातून ओळीचे वाचन : एक विवेचन

सारांश : फाइलमधून एक ओळ वाचणे ही क्रिया वरकरणी सोपी वाटते. तथापि प्रात्यक्षिकाच्या तासाला विद्यार्थ्यांच्या आज्ञावलीत सर्वाधिक चुका याच ठिकाणी आढळतात. प्रस्तुत लेखात बफरचे कार्य, ‘एफगेट्स’ या फलनाचे नियम, फाइल-समाप्ती तपासण्यातील प्रचलित चूक आणि देवनागरी मजकूर वाचताना येणारी अडचण यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : सी भाषा, प्रवाह, बफर, एफगेट्स, फाइल-समाप्ती, युनिकोड.

१. प्रस्तावना

सी भाषेची निर्मिती डेनिस रिची यांनी बेल लॅब्ज येथे १९७०च्या दशकाच्या प्रारंभी केली. भाषेच्या मूळ व्याकरणात वाचन-लेखनाची कोणतीही आज्ञा नाही. ते काम प्रमाणित ग्रंथालयातील फलनांवर सोपविलेले आहे. या फलनांच्या दृष्टीने फाइल म्हणजे बाइट्सचा एक सलग प्रवाह होय. त्या प्रवाहात ‘ओळ’ नावाची स्वतंत्र वस्तू नसते. ओळ-समाप्तीचे चिन्ह येईपर्यंतच्या बाइट्सना आपण ओळ म्हणतो, एवढेच. म्हणजेच ओळ हा वाचणारा आणि लिहिणारा यांच्यातील एक संकेत आहे. ही गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे पुढील बहुतेक चुका उद्भवतात.

२. बफरची आवश्यकता

आज्ञावलीने एकेका बाइटसाठी कार्यप्रणालीकडे मागणी केली तर वाचन अतिशय मंद होईल. म्हणून ग्रंथालय एकाच वेळी मोठा भाग स्मृतीत आणून ठेवते. या तात्पुरत्या साठ्यास बफर म्हणतात. घरात दररोज मूठभर धान्य आणण्यासाठी दुकानात न जाता महिन्याचे धान्य एकदाच भरून ठेवावे, तसाच हा प्रकार होय. बफर ४०९६ बाइट्सचा असेल तर १,००,००० बाइट्सची फाइल वाचण्यास सुमारे २५ मागण्या पुरतात. बफर नसता तर एकेका बाइटसाठी एक अशा एक लाख मागण्या लागल्या असत्या.

येथे दोन साठ्यांमधील भेद विद्यार्थ्यांना स्पष्ट करून सांगणे आवश्यक आहे. पहिला साठा प्रवाहाचा स्वतःचा बफर असून त्याची व्यवस्था ग्रंथालय पाहते. दुसरा साठा म्हणजे आज्ञावली लिहिणाऱ्याने ओळ ठेवण्यासाठी घोषित केलेला अ‍ॅरे होय. ‘एफगेट्स’ हे फलन पहिल्यातून दुसऱ्यात बाइट्सची नक्कल करते. अ‍ॅरे लहान पडल्यास उरलेला मजकूर नष्ट होत नाही. तो प्रवाहातच राहतो व पुढील वाचनात मिळतो.

३. ‘गेट्स’ आणि ‘एफगेट्स’

‘गेट्स’ या जुन्या फलनास अ‍ॅरेचा आकार सांगण्याची सोयच नव्हती. त्यामुळे लांब ओळ आल्यास अ‍ॅरेच्या सीमेबाहेरील स्मृतीवर लेखन होत असे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या पदव्युत्तर विद्यार्थ्याने सोडलेल्या आज्ञावलीने इंटरनेटवरील हजारो संगणक बाधित केले. तिने वापरलेल्या मार्गांपैकी एक मार्ग हाच होता : ‘फिंगर’ सेवेतील ५१२ बाइट्सच्या अ‍ॅरेत ‘गेट्स’द्वारे ५३६ बाइट्स पाठविण्यात आले. अखेर २०११च्या सी मानकातून हे फलन काढून टाकण्यात आले. असे असूनही जुन्या पाठ्यपुस्तकांतील उदाहरणांमधून ते आजही विद्यार्थ्यांच्या वहीत येते.

‘एफगेट्स’ला अ‍ॅरे, त्याचा आकार आणि प्रवाह या तीन गोष्टी द्याव्या लागतात. त्याचे नियम पुढीलप्रमाणे आहेत :

(अ) आकार ‘न’ असल्यास जास्तीत जास्त ‘न – १’ बाइट्स वाचले जातात. शेवटची जागा शून्य-वर्णासाठी राखलेली असते.

(आ) ओळ-समाप्तीचे चिन्ह मिळताच वाचन थांबते आणि ते चिन्हही अ‍ॅरेत ठेवले जाते.

(इ) एकही बाइट न मिळता फाइल संपल्यास, अथवा वाचनात दोष उद्भवल्यास, शून्य-पॉइंटर परत मिळतो.

नियम (आ) मुळे एक सोपी कसोटी उपलब्ध होते. अ‍ॅरेत ओळ-समाप्तीचे चिन्ह असेल तर ओळ पूर्ण वाचली गेली. ते नसेल तर ओळ अ‍ॅरेपेक्षा लांब आहे, किंवा फाइलची शेवटची ओळ चिन्हाविना संपली आहे. म्हणूनच अखेरचा वर्ण न पाहता छाटून टाकणे अयोग्य ठरते. चिन्ह नसल्यास मजकुरातील खरे अक्षरच गळून पडते.

४. फाइल-समाप्तीची चुकीची तपासणी

‘एफईओएफ’ खोटे असेपर्यंत वाचत राहावे, अशी आवर्तनाची रचना अनेक विद्यार्थी करतात. परंतु हे फलन भविष्य सांगत नाही. आधीचे वाचन फाइलच्या टोकाला जाऊन पोहोचले होते काय, एवढेच सांगते. समजा, फाइलमध्ये तीन विद्यार्थ्यांचे ४०, ५० व ६० असे गुण तीन ओळींत असून प्रत्येक ओळीच्या शेवटी चिन्ह आहे. तिसरी ओळ वाचल्यानंतरही समाप्तीची खूण लागलेली नसते. आवर्तन चौथ्यांदा चालते, वाचन अयशस्वी होते, अ‍ॅरेत जुनेच ६० राहतात आणि तेच पुन्हा मोजले जातात. बेरीज १५०ऐवजी २१० व सरासरी ५०ऐवजी ५२.५ येते. शेवटच्या ओळीस चिन्ह नसेल तर मात्र हीच आज्ञावली बरोबर उत्तर देते. कधी बरोबर, कधी चूक अशी ही त्रुटी असल्याने ती तपासनिसाच्या नजरेतूनही सुटते.

यावर उपाय एकच : आवर्तनाची अट ‘एफगेट्स’ने परत दिलेल्या मूल्यावरच ठेवावी. आवर्तन संपल्यावर फाइल संपली की दोष उद्भवला, हे ठरविण्यासाठी ‘एफईओएफ’ व ‘एफएरर’ यांचा उपयोग करावा.

५. ‘स्कॅनएफ’नंतरची रिकामी ओळ

‘स्कॅनएफ’ने संख्या वाचल्यानंतर लगेच ‘एफगेट्स’ वापरल्यास ते नाव न वाचताच पुढे जाते. संख्येनंतर दाबलेल्या एंटरचे चिन्ह प्रवाहात शिल्लक असते व तेच रिकामी ओळ म्हणून मिळते. यासाठी निवेशाच्या प्रवाहावर ‘एफफ्लश’ वापरण्याची पद्धत रूढ आहे. परंतु सी मानकाने निवेश-प्रवाहासाठी त्याचे वर्तन निश्चित केलेले नाही. प्रत्येक निवेश ‘एफगेट्स’ने ओळ म्हणून वाचावा आणि नंतर ‘एसस्कॅनएफ’ने त्यातील संख्या काढावी, हा मार्ग अधिक विश्वसनीय आहे.

६. देवनागरी मजकुराचे वाचन

‘एफगेट्स’ अक्षरे मोजत नाही, बाइट्स मोजते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेतास ३ बाइट्स लागतात. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काना व हलन्त धरून १० संकेत, म्हणजे ३० बाइट्स आहेत. अ‍ॅरेचा आकार २० असल्यास १९ बाइट्स वाचले जातील : पहिले ६ संकेत पूर्ण आणि सातव्या संकेताचा केवळ एक बाइट. पडद्यावर ‘महाराष’ व त्यापुढे एक निरर्थक खूण दिसेल. मराठी नावांची यादी हाताळणाऱ्या आज्ञावलीत अ‍ॅरेचा आकार इंग्रजी नावांच्या अंदाजाने ठरविणे म्हणूनच धोक्याचे आहे. ओळीच्या लांबीनुसार स्मृती वाढविणारे ‘गेटलाइन’ हे फलन २००८च्या पॉझिक्स मानकात समाविष्ट झाले. जेथे ते उपलब्ध आहे तेथे हा प्रश्न सुटतो. मात्र घेतलेली स्मृती परत करण्याची जबाबदारी आज्ञावली लिहिणाऱ्यावर राहते.

७. निष्कर्ष

१. ओळ ही फाइलमधील वस्तू नसून वाचनाचा संकेत आहे, हे अध्यापनात प्रथम सांगावे.

२. वाचन यशस्वी झाले की नाही, हे त्या वाचनाने परत दिलेले मूल्यच सांगते. ते प्रत्येक वेळी तपासावे.

३. प्रात्यक्षिकांच्या नमुना उत्तरांतून ‘गेट्स’ व ‘एफईओएफ’वर आधारित आवर्तने वगळावीत.

४. तपासणीसाठी रिकामी फाइल, अतिलांब ओळ, चिन्हाविना संपणारी ओळ आणि देवनागरी ओळ असे किमान चार नमुने द्यावेत.

विद्यार्थी आज जी सवय लावून घेतो तीच उद्या निकालपत्रकाच्या अथवा वेतनपत्रकाच्या आज्ञावलीत उतरते. तेथे शेवटची ओळ दोनदा मोजली गेल्यास संगणक कोणतीही तक्रार करणार नाही. म्हणून ती तक्रार वर्गातच शिक्षकाने करणे अगत्याचे आहे.