बोरीबंदरची इमारत कोणासाठी?

आगगाडीचे स्टेशन म्हटले म्हणजे तिकिटाची खिडकी, फलाट व गर्दी ह्यांपलीकडे आपली दृष्टी सहसा जात नाही. मुंबईच्या बोरीबंदर स्टेशनात रोज लक्षावधी उतारू येतात व मान वर न करिता निघून जातात. ती भव्य इमारत मुळात कोणासाठी उभारली गेली, हा प्रश्न आमच्या विद्यार्थी-वाचकांनी एकदा तरी स्वतःस विचारावा.

ता. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदराहून ठाण्यास पहिली उतारूंची गाडी निघाली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, आणि ओढावयास साहिब, सिंध व सुलतान ह्या नावांची ३ इंजिने, असा तो थाट होता. अंतर अवघे २१ मैलांचे. आजच्या इमारतीचा त्या वेळी मागमूसही नव्हता. तिचे काम १८७८ साली सुरू होऊन १८८८ साली पुरे झाले. शिल्पज्ञ फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणास १८८७ साली ५० वर्षे झाली, म्हणून स्टेशनास तिचे नाव मिळाले. १९९६ साली ते बदलून छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले व २०१७ साली त्यात ‘महाराज’ हा शब्द आला. घड्याळाखालील राणीचा पुतळाही स्वातंत्र्यानंतर हलविण्यात आला.

इमारतीची धाटणी गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातील प्रार्थनामंदिरांची. टोकदार कमानी, मनोरे, रंगीत काचा, आणि मध्ये अष्टकोनी घुमट. घुमटाच्या शिखरावर प्रगतीची स्त्रीमूर्ती उभी असून तिच्या उजव्या हातात मशाल व डाव्या बाजूस चक्र आहे. फाटकाच्या खांबांवर एकीकडे इंग्लंडचा सिंह, दुसरीकडे हिंदुस्थानचा वाघ. दर्शनी भिंतीवर कंपनीच्या संचालकांचे मुखवटे कोरले आहेत. त्यांत नाना शंकरशेट व जमशेटजी जिजीभाई हे दोघे आपल्याच शहराचे गृहस्थ होत.

एवढ्या थाटाच्या घुमटाखाली उतारूंस जागा किती? फारशी नाही. तो घुमट, तो जिना, ती दालने ही रेल्वे कंपनीच्या कचेरीसाठी होती. आजही तेथे मध्य रेल्वेचे मुख्य कार्यालय आहे. तिकीटघराच्या छतावरील ताऱ्यांची नक्षी काय ती उतारूच्या वाट्यास आली. गाडीची वाट त्याने बाजूच्या छपराखालीच पाहावयाची. मालकांचे वैभव पुढे व गिऱ्हाईक आडबाजूस, हे आम्हांस खटकते. तथापि भिंतींवरील पाने, फुले व पशुपक्षी पाहिले म्हणजे राग ओसरतो. हे नक्षीकाम मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांच्या हातून झाले आहे. आराखडा परक्याचा खरा, पण छिन्नी येथल्या मुलांची. आणि इमारतीचा जीव आमच्या मते त्या छिन्नीत आहे. युनेस्कोने २००४ साली तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेही तिच्यातील ह्या दोन परंपरांच्या मिलाफामुळेच.

ह्याच्या उलट मुंबई सेंट्रल. क्लॉड बॅटली ह्यांनी योजिलेले हे स्टेशन अवघ्या २१ महिन्यांत बांधून डिसेंबर १९३० मध्ये उघडले. त्याच महिन्याच्या अखेरीस कुलाब्याचे स्टेशन बंद होऊन पश्चिमेकडील स्थानिक गाड्या चर्चगेटपाशी थांबू लागल्या. मुंबई सेंट्रलवर ना मूर्ती, ना मनोरे; पण फलाटांच्या तोंडाशीच उंच, मोकळे दालन आहे. ट्रंका घेऊन बसलेल्या कुटुंबास त्याचे मोल कळते. त्याचे चित्र मात्र कोणी भिंतीवर लावीत नाही!

भायखळ्याचे जुने दगडी स्टेशन ह्या दोहोंहून लहान. नंतरची भर काढून त्यास मूळ रूप देण्यात आले, व २०२२ साली युनेस्कोचे पारितोषिक मिळाले. आत जाऊन पाहावयास फलाटाचे तिकीट पुरते.

बोरीबंदर नीट पाहावयाचे असेल, तर समोर महानगरपालिकेच्या इमारतीपाशी उभे राहावे. तीही स्टीव्हन्स ह्यांचीच. सकाळी दहापूर्वी जावे. नंतर गर्दी उभे राहू देत नाही.