पालीची शेपटी आणि स्पायडरमॅनची दुसरी सुरुवात

2002 साली सॅम रेमीने स्पायडरमॅन मोठ्या पडद्यावर आणला. 2004 आणि 2007 मध्ये पुढचे दोन भाग आले. जानेवारी 2010 मध्ये सोनीने चौथ्या भागाचा बेत रद्द केला आणि 2012 मध्ये मार्क वेब या दिग्दर्शकाचा 'द अमेझिंग स्पायडरमॅन' आला. नट नवे, नायिका नवी, गोष्ट मात्र पुन्हा पहिल्यापासून: तोच अनाथ मुलगा, तोच कोळी, तोच काकाचा मृत्यू. याला रीबूट म्हणतात. अडकलेला संगणक आपण बंद करून पुन्हा चालू करतो, तसेच.

सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगण्यात आपल्याला काही वावगे वाटू नये. कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला आख्यानाचा शेवट पाठ असतो. बुवांनी या वेळी कोणती जागा नव्याने उलगडली, एवढेच बघायचे असते. गेल्या महिन्यात मस्कतमध्ये आमच्या इमारतीतल्या मुलांबरोबर हा सिनेमा पुन्हा पाहिला तो याच नजरेने. माझे मत असे की पहिला अर्धा भाग रेमीच्या सिनेमाच्या तोडीचा आहे, आणि पुढे गाडी नेमकी कुठे घसरते तेही बोट ठेवून दाखवता येते.

आधी चांगले. रेमीच्या पीटरच्या मनगटातून जाळे आपोआप निघायचे. वेबचा पीटर (अँड्र्यू गारफिल्ड) मूळ कॉमिक्सप्रमाणे जाळे फेकायचे यंत्र स्वतः बनवतो. फरक छोटा वाटतो, पण त्यामुळे मुलगा हुशार आहे हे कुणी तोंडाने सांगावे लागत नाही, आपल्याला ते दिसते. ग्वेन स्टेसीही (एमा स्टोन) नुसती किंचाळणारी नायिका नाही. ती प्रयोगशाळेत काम करते आणि शेवटी विषावरचा उतारा तीच तयार करते.

खरी नवी जागा म्हणजे डॉ. कर्ट कॉनर्स. उजवा हात गमावलेला हा शास्त्रज्ञ सरड्यांकडून अवयव परत उगवण्याची युक्ती शिकू पाहतो. इथे सिनेमा थांबवून आमच्या बालमंडळाने प्रश्न टाकला: पालीला शेपटी येते, तर हातही येतो का?

नाही येत. ओमानमध्ये राहणाऱ्यांनी प्रिस्ट्युरस जातीच्या छोट्या पाली पाहिल्या असतील. आपल्या घरातल्या पालीसारख्या त्या रात्री दिव्याभोवती घुटमळत नाहीत, भर दिवसा खडकांवर फिरतात आणि शेपटी उंचावून, हलवून एकमेकींना खुणा करतात. त्यांच्यासाठी शेपटी म्हणजे जवळजवळ भाषाच. तरीही जिवावर बेतले की पाल शेपटी टाकून पळते. नवी शेपटी येते, पण ती जुनीची नक्कल नसते. आत मणक्यांऐवजी कूर्चेची एक सलग नळी असते, आणि पुष्कळदा रंग आणि खवलेही वेगळे दिसतात. तुटलेला पाय मात्र बरा होतो तो थोटाच. हाडे, स्नायू, नसा यांसकट अख्खा पाय पुन्हा उगवणारा प्राणी म्हणजे मेक्सिकोचा ॲक्सोलॉटल, आणि तो सरडा नव्हे, सॅलामँडर. लहान मुलांच्या बोटाचे तुटलेले टोक कधीकधी पुन्हा वाढते. आपली धाव तेवढीच.

म्हणजे कॉनर्सने प्राणीच चुकीचा निवडला. हा दोष मी सिनेमाच्या खात्यावर मांडत नाही. 1963 च्या कॉमिक्समधून आलेला खलनायक आहे, चालायचेच. त्याच्या भोवतीचे नाट्य मात्र अस्सल आहे. तीन पायांच्या एका उंदराला औषध देतात आणि त्याला चौथा पाय येतो. त्या एकुलत्या एका उंदराच्या जोरावर कंपनीचा माणूस, डॉ. रजित राथा, कॉनर्सच्या मागे लागतो: मालक मरणाच्या दारात आहेत, माणसांवर चाचणी सुरू करा. कॉनर्स नकार देतो आणि त्याची नोकरी जाते. राथा औषध घेऊन माजी सैनिकांच्या रुग्णालयाकडे निघतो. फ्लूची लस म्हणून ते टोचायचा त्याचा बेत असतो. मग कॉनर्स ते स्वतःलाच टोचून घेतो. संशोधनात काम करणाऱ्या कुणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल, कारण घाई, पैसा आणि अपुरा पुरावा ही त्रयी प्रयोगशाळेला काही नवीन नाही. राथाची भूमिका इरफान खानची आहे, आणि तो आवाज न चढवता धमकी देतो.

आणि इथेच घसरण सुरू होते. पुलावरच्या हल्ल्यानंतर राथा सिनेमातून गायबच होतो. त्याचे काय झाले, औषध कुठे गेले, काही कळत नाही. काकाच्या खुन्याचा शोधही असाच मध्येच सुटतो. सगळ्यात मोठे नुकसान कॉनर्सचे होते. इंजेक्शन घेईपर्यंत निर्णय माणूस घेत होता, त्यानंतर औषधच त्याच्या वतीने बोलू लागते. सगळ्या शहराला सरडा करायचे असे त्याच्या डोक्यात येते आणि वाद संपून मारामारी उरते. मधल्या काळात तो उंदीर सरड्यासारखा होऊन आपल्या जोडीदारणीला खातो. धोक्याची ही सूचना काय छान पेरली होती! ती कॉनर्सच्या हाती वेळेवर पडली असती आणि तरीही त्याने सुई उचलली असती, तर?

समीकरणाचेही तेच. पीटरला वडिलांच्या बॅगेत एक सूत्र सापडते, ते तो कॉनर्सला देतो आणि अडलेले संशोधन चुटकीसरशी सुटते. हे सूत्र मिनेसोटा विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जेम्स काकालिओस यांनी सिनेमासाठी रचले. त्याचा पाया आहे बेंजामिन गॉम्पर्ट्झचा 1825 चा मृत्युदराचा नियम. प्रौढ माणसाच्या मृत्यूची शक्यता साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होते, असे तो नियम सांगतो. इतके सुंदर सूत्र आणि सिनेमात त्याचा उपयोग तिजोरीच्या किल्लीसारखा! पीटरने ते स्वतः झगडून काढले असते, तर पुढच्या अनर्थाची जबाबदारीही त्याची झाली असती. इथे ती वडिलांवर ढकलली जाते.

2014 च्या दुसऱ्या भागात तर कथानकांची इतकी गर्दी आहे की श्वास घ्यायला जागा नाही. पण त्यातला एक प्रसंग निसर्गनियमाला जागतो. ग्वेन उंचावरून पडते, पीटरचे जाळे तिला धरते, आणि तरीही ती जाते. 1973 च्या कॉमिक्समध्ये ती पुलावरून पडली होती आणि काकालिओस यांनी त्याचा हिशेब मांडला होता. आपणही मांडू. सुमारे 90 मीटर पडल्यावर वेग ताशी दीडशे किलोमीटर होतो (हवेचा अडथळा सोडून). अर्ध्या सेकंदात तो शून्यावर आणायचा, तर शरीराला गुरुत्वाच्या जवळपास नऊ पट त्वरण सोसावे लागते. मानेला तेवढे पुरते. जीव घेतो तो अचानक बसणारा हिसका, मग तो जमिनीचा असो की जाळ्याचा.

गारफिल्डची मालिका तिथेच थांबली. 2017 च्या 'होमकमिंग'मध्ये टॉम हॉलंडच्या पीटरला कोळी चावताना दाखवायच्या भानगडीतच कुणी पडले नाही. मग 2021 च्या 'नो वे होम'मध्ये गारफिल्ड पाहुणा म्हणून परतला. तिथे एमजे पडते. या वेळी तो वरून नुसते जाळे फेकत नाही. स्वतः तिच्यामागे झेप घेतो, पडता पडता तिला कवेत घेतो आणि मग दोघांना सावरत खाली आणतो. ठीक आहेस ना, एवढेच तो तिला विचारतो, आणि त्याचे डोळे भरून येतात.